खारे वारे, मतलई वारे

शाळेच्या भूगोलात दोन गुणांचा एक प्रश्न हमखास यायचा : खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक सांगा. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरून वारा येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. गझल लिहिणाऱ्याच्या कानाला मतलई म्हटलं की मतला ऐकू येतो. अरबीत मतला म्हणजे उगवण्याची जागा, आणि आपल्या किनाऱ्यावर हा वारा येतो तोही उगवतीकडूनच. असो. मी बी.ए. झालेला माणूस, पण नकाशा समोर ठेवला तर या प्रश्नात किती शहरांचा श्वास अडकला आहे, हे कुणालाही दिसेल.

पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला सह्याद्री, आणि मधल्या पट्ट्यात मुंबई, ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, पनवेल. दुपारी खारा वारा मुंबईच्या गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ, माहुल-चेंबूरच्या कारखान्यांचा वास घेऊन पूर्वेकडे सरकतो. रात्री मतलई कल्याण-डोंबिवलीकडचं खाडीकडे आणतो. मी मुंब्र्याचा, एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. आम्हाला दोन्हीकडचा पाहुणचार! समुद्रावर गेलेली घाणही कायमची जात नाही. दुसऱ्या दिवशीच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर तिचा काही भाग किनाऱ्याला परत येतो.

पावसाळ्यात हे जाणवत नाही. नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो, पाऊस हवा धुऊन काढतो. त्रास हिवाळ्याचा. खारा वारा उशिरा सुटतो आणि मवाळ असतो. शिवाय निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. एरवी उंचीबरोबर हवा थंड होत जाते. इथे उलटं घडतं. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. गार हवा जड, ती वर चढत नाही. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा धूर खालीच कोंडतो. फजरच्या नमाजला निघालेले, प्रकृतीसाठी पहाटे फिरणारे, दूधवाले, सगळे नेमके याच हवेत असतात. ऊन चढलं की झाकण उचललं जातं.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात तर मुंबईची हवा काही दिवस दिल्लीहून वाईट नोंदली गेली. धूर नेहमीचाच होता, पण वारा मंदावला होता आणि त्याची दिशा बदलायला एरवीपेक्षा जास्त दिवस लागत होते. प्रशांत महासागरात ला निनाचं ते सलग तिसरं वर्ष होतं, आणि शास्त्रज्ञांनी याचा संबंध त्याच्याशी जोडला. इतक्या दूरचा समुद्र गार झाला म्हणून मुंब्र्यात खोकला वाढावा!

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने एक एकरापेक्षा मोठ्या बांधकामांभोवती ३५ फूट उंच पत्रे लावायला सांगितलं. पत्रे हवेतच. पण अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या जेमतेम तिसाव्या हिश्श्याचा. तो पत्रा ओलांडतो आणि महापालिकेची हद्दही. मुंबई महानगर प्रदेशात महापालिका नऊ आहेत, हवा एकच. दिल्लीसाठी संसदेने २०२१ मध्ये कायदा करून आयोग नेमला; हरियाणा, पंजाब, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले लगतचे भागही त्याच्या कक्षेत आले. दिल्लीची हवा त्याने लगेच सुधारली असं नाही, पण निदान हवेचा नकाशा आणि कायद्याचा नकाशा जवळ आले. आपल्याकडे तसा कायदा झालेला नाही.

तोवर घरात दम्याचं माणूस असेल तर हिवाळ्यात त्याचं फिरणं दुपारकडे ढकला, खिडक्या ऊन चांगलं वर आल्यावर उघडा. पेपर टाकणाऱ्या पोराला मात्र पहाटे चारलाच निघावं लागतं.