तंबोऱ्याची घोडी कशाची असावी?

मैफलीला आरंभ होण्यापूर्वी गायक तंबोरे जुळवू लागला, की श्रोत्यांची दृष्टी खुंट्यांकडे जाते. वस्तुतः स्वराचा पुष्कळसा निकाल खाली, भोपळ्यावर बसविलेल्या तबलीवर लागत असतो. तेथे तारा एका लहानशा, सपाट दिसणाऱ्या आधारावरून जातात. त्यालाच घोडी म्हणतात. तंबोऱ्याला लाभणारा झंकार, ज्याला जाणकार जवारी म्हणतात, तो या घोडीतून निघतो. साहजिकच प्रश्न असा उद्भवतो, की ही घोडी हाडाची असावी, शिंगाची असावी, लाकडाची असावी, की आजकालच्या कृत्रिम द्रव्याची?

बेळगाव व निपाणी या भागातील संगीतप्रेमी मंडळींना हा प्रश्न परका नाही. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावी गावी झाला आणि तंबोरा सुरात लावण्याविषयीचा त्यांचा आग्रह पुढे सर्वश्रुत झाला. या भागाला तंतुवाद्यांचे जवळचे मोठे केंद्र म्हणजे मिरज. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंबोरे व सतारी घडविण्यास प्रारंभ केला. फरीदसाहेब शिकलगार हे त्यांतील अग्रणी होत. अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा स्वरांचा सूक्ष्म पारखी मिरजेत वास्तव्यास होता, हेही त्या कारागिरीला उपकारक ठरले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव व निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली. परंतु जवारी काढून घेण्यासाठी मिरजेची वाट धरण्याला त्यामुळे बाध आला नाही.

आता घोडीचे कार्य पाहू. सारंगीच्या किंवा व्हायोलिनच्या घोडीवर तार एका कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिच्या पाठीला डोळ्यांना सहज न दिसणारा उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि उचलली जाते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर असलेले वरचे उपस्वर पुनःपुन्हा जागे होतात. खर्जाच्या तारेतून कोणी न गाताही गंधार ऐकू येतो, तो याच कारणाने. तार व घोडी यांच्यामध्ये सरकविलेला सुती दोरा या स्पर्शाची जागा नेमकी ठरवितो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीचा अभ्यास केला. तार जेथे छेडावी, तेथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. तंबोऱ्यात तो उपस्वर स्पष्टपणे ऐकू येतो, आणि त्याचे कारण घोडीची घडण हे होय, असे रामन यांनी दाखविले.

यावरून घोडीच्या द्रव्याला तीन कामे करावी लागतात, हे ध्यानी येईल. पहिले, कानशीने दिलेला उतार त्याने धरून ठेवला पाहिजे. दुसरे, तारेचे कंपन त्याने तबलीपर्यंत पोचविले पाहिजे. तिसरे, पोलादी व पितळी तारांचे घर्षण त्याने सोसले पाहिजे. लाकूड मऊ असेल तर ते वरचे उपस्वर काही अंशी शोषून घेते. स्वर गोल व सौम्य होतो, पण तारेची खाचही लवकर पडते. खाच पडली की तारेला उतारावर खेळता येत नाही आणि झंकार मंदावतो. आबनुसासारखे घट्ट लाकूड या बाबतीत बरे. हाड व शिंग त्याहून चिवट. त्यांचा स्वर उजळ आणि उतार दीर्घकाळ टिकणारा. म्हणूनच पूर्वी हस्तिदंत व सांबरशिंग यांना मोठा मान होता.

तो काळ आता उरलेला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या यांनी हस्तिदंत व सांबरशिंग यांचा व्यापार बंद केला, आणि ते योग्यच झाले. एका वाद्याच्या झंकारासाठी हत्तीचा जीव जाणे कोणत्याही संगीताला शोभणारे नाही. आज उंटाचे हाड, आबनूस व कृत्रिम द्रव्ये वापरली जातात. कृत्रिम द्रव्य सर्वत्र एकसारखे असते, हवेतील ओलाव्याने फुगत नाही आणि झिजतेही कमी. तथापि कित्येक गायकांच्या कानाला त्याचा स्वर किंचित कोरडा वाटतो.

हाच प्रश्न पाश्चात्त्यांच्या गिटारीतही आहे. तिच्या वरच्या पातळ फळीच्या आतील बाजूस, घोडीच्या नेमकी खाली, एक लाकडी पट्टी चिकटविलेली असते. तारांची गाठीसारखी टोके तिच्यात अडकतात. पट्टी नसती तर मऊ स्प्रूसची फळी तारांच्या ओढीने फाटली असती. मार्टिन या अमेरिकन कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस मेपलच्या लहान पट्टीऐवजी शिसवीची मोठी पट्टी घालण्यास प्रारंभ केला. वाद्य बळकट झाले. पण पट्टीच्या वजनाने फळीचे कंपन दबते, अशी जाणकारांची तक्रार राहिली. १९८८ च्या सुमारास कंपनी पुन्हा मेपलच्या लहान पट्टीकडे वळली. बळकटी आणि मोकळेपणा यांचा तोल तेथेही वजनाला विसरून साधत नाही.

मात्र गिटारीची पट्टी एकदा चिकटविली की कारागिराचे काम संपते. तंबोऱ्याच्या घोडीचे तसे नाही. घोडी हाडाची असो वा कृत्रिम, काही काळाने ती झिजतेच, आणि मग कारागीर ती कानशीने घासतो, तार लावून ऐकतो, पुन्हा घासतो. केसभर अधिक घासले गेले तर झंकार फाटतो. केसभर कमी झाले तर स्वर मुका राहतो. त्यामुळे दोन तंबोऱ्यांतील फरकाचे श्रेय केवळ द्रव्याला देणे बरोबर नाही. उत्तम हाडाची घोडी वाईट हाताने बिघडते, आणि साध्या लाकडाची घोडी चांगल्या हाताने गाऊ लागते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. तेव्हापासून घराघरांतील तंबोरे खोळीत पडू लागले. दुसरीकडे २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. ते मानांकन कारागिराला काम मात्र देऊ शकत नाही. ते काम वाद्य बाळगणारेच देऊ शकतात. बेळगाव किंवा निपाणीच्या ज्या घरात जुना तंबोरा खुंटीला टांगलेला असेल, त्याने घोडी बदलण्याची घाई न करता प्रथम तिची पाठ पाहावी. तारांच्या खाचा दिसल्या, तर बहुधा नव्या घोडीची गरज नसते. एका कुशल हाताची असते. त्या हाताकडे वाद्य वेळेवर नेले, तरच तो हात पुढच्या पिढीला शिकविण्यासाठी उरेल.