पडद्यावरची मावशी

गोष्ट 2003 सालची, अमेरिकेतल्या सिॲटलची. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. घरात फक्त इंग्रजी ऐकणारी ही बाळं. काहींसमोर चिनी बोलणारी माणसं खेळणी-पुस्तकं घेऊन प्रत्यक्ष बसली. पंचवीस मिनिटांची एक, अशा बारा बैठका. नंतर पाहिलं, तर इंग्रजीत नसलेले दोन जवळजवळचे चिनी उच्चार ही बाळं चिनी ऐकतच वाढणाऱ्या तैवानमधल्या बाळांइतकेच ओळखत होती!

दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. शिकणं जवळपास शून्य. बाळं पडद्याकडे बघत होती, हे विशेष. म्हणजे ‘किती टक लावून बघतो’ हे आपलं कौतुक जरा फसवंच.

असं का? समोरचा माणूस बाळाच्या नजरेमागे जातो, त्याच्या हुंकाराला उत्तर देतो. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ थांबत नाही, विचारत नाही. दोष काचेचा नसावा. 2014च्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांची मुलं थेट व्हिडिओ कॉलवर नवी क्रियापदं शिकली, रेकॉर्डिंगवरून मात्र नाही. तेव्हा न्यू जर्सीतल्या नातवाला साताऱ्याहून ‘भू भू कुठंय?’ विचारणाऱ्या आजीचा फोन खुशाल चालू द्या.

बाकी, जागतिक आरोग्य संघटनेचा 2019चा सल्ला असा: दोन वर्षांखालच्या मुलांनी बसून पडदा पाहणं टाळावं, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर उत्तमच.