डिझेल बंद केलं तरी इंजिन थांबेना

सोयाबीन निघालं की माळव्यात गव्हाच्या रानाची घाई सुरू होते. धारपासून मांडूच्या पठारापर्यंतच्या साधारण 35 किलोमीटरच्या पट्ट्यात काळी जमीन वाफशावर आहे तोवर नांगर फिरवायचा असतो, आणि नवा ट्रॅक्टर प्रत्येकाच्या दारात नसतो. मग शेडमध्ये पावसाळाभर उभा असलेला जुना ट्रॅक्टर बाहेर निघतो. बॅटरी चढते, पाईपातली हवा काढली जाते, स्टार्टर फिरतो, इंजिन धरतं. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. क्वचित एखादं इंजिन मात्र धरल्याबरोबर रेस घेतं. ॲक्सिलरेटर मिटलेला असतो, स्टॉपची तार पूर्ण ओढलेली असते आणि आवाज चढतच जातो.

चावी फिरवून काही होत नाही, कारण तिथे बंद करण्यासारखं काही नसतंच. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी तोडली की काम संपतं. रुडॉल्फ डिझेलने 1893 साली पेटंट घेतलं आणि 1897 मध्ये आउग्सबुर्गला चालवून दाखवलं, त्या इंजिनाला ठिणगीच लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात शिरणारं तेल आपोआप पेटतं. हवा दर फेऱ्याला भरपूर मिळते. वेग ठरतो तो नोझलमधून किती डिझेल सुटलं यावर. हे मोजमाप गव्हर्नर पाहतो. तो चुकला, किंवा पंपाला वळसा घालून दुसरीकडून तेल आत आलं, की इंजिनाला अडवणारं कोणी राहत नाही. वेग दुप्पट झाला तर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा जडत्वाचा ताण चौपट होतो. रॉडचे बोल्ट तुटून ब्लॉकला भोक पडतं ते यामुळेच.

जुन्या ट्रॅक्टरांत हा धोका का अधिक, हे बी-275 च्या पिढीकडे पाहिलं की उमगतं. इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1958 मध्ये ब्रिटनमध्ये आणलेलं बी-275 हे चार सिलिंडरचं लाल यंत्र, इंजिन 144 घनइंच, म्हणजे जेमतेम 2.36 लिटर. 1963 साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ काढली आणि मुंबईत कांदिवलीला ते बनू लागलं.  माळव्यातल्या देवासला आज जॉन डिअरचा ट्रॅक्टर कारखाना आहे, किर्लोस्कर ब्रदर्सचे पंपही तिथे बनतात. पण बी-275 च्या पिढीची दुरुस्ती कारखान्यात होत नाही. ती होते रस्त्याकडेच्या गॅरेजात आणि पंप-नोझलच्या टेस्टिंग बेंचवर.

या पिढीतल्या बऱ्याच ब्रिटिश ट्रॅक्टरांवर, म्हणजे फर्ग्युसन टीईएफ-20, फोर्डसन मेजर, डेक्स्टा यांवर, हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर होता. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. ॲक्सिलरेटरची दांडी डिझेल पंपाला जातच नाही. ती जाते हवेच्या वाटेतल्या एका चकतीला. चकती मिटलेली असेल तर तिच्यामागे ओढ तयार होते. एका बारीक नळीने ती ओढ पंपाच्या पाठीमागच्या डब्यात पोचते आणि तिथला चामड्याचा किंवा रबरी कापडाचा पडदा मागे खेचते. पडद्याला पंपाची रॅक, म्हणजे डिझेलचं माप ठरवणारी दांडी, जोडलेली असते. पडदा मागे गेला की डिझेल कमी. समोरून एक स्प्रिंग सतत उलटं ढकलत असते: डिझेल वाढव, डिझेल वाढव. आता पडद्याला चीर पडली, नळी तडकली किंवा तिचा नट सैल राहिला, तर ओढ संपते आणि स्प्रिंग जिंकते. रॅक थेट पूर्ण डिझेलवर. हवेची चार आण्यांची गळती, आणि परिणाम डिझेलच्या पुराचा! म्हणून पंप खोलायला बसण्याआधी ती नळी बोटांनी चाचपून पाहणारा मिस्त्री खरा जाणकार.

पडद्याची परीक्षा इंजिन बंद असतानाच होते. स्टॉपची दांडी ओढून धरायची, नळी सोडवून पंपाच्या डब्याचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबायचं आणि दांडी सोडायची. पडदा धड असेल तर रॅक अडून राहते किंवा सावकाश सरकते. खटकन परत आली तर पडदा फाटला. रॅक मुळातच अडकत असेल तर दोष वेगळा: महिनोन्‌महिने उभ्या ट्रॅक्टरात जुनं डिझेल चिकट होतं, पाणी शिरून गंज धरतो आणि रॅक आहे तिथेच थिजते. पंपाच्या बाजूचं झाकण काढून ती हाताने हलवून पाहावी. लोण्यासारखी सरकायला हवी.

पण पंप निर्दोष असला तर? टाकीचा कॉक बंद करून, फिल्टरमधलं डिझेल संपण्याइतका वेळ जाऊनही इंजिन रेसमध्येच राहिलं तर ते डिझेलवर चाललेलंच नाही. ते स्वतःचं इंजिन ऑइल जाळतंय. धूरही तसंच सांगतो: काळा लोट म्हणजे बहुधा जादा डिझेल, निळसर-पांढरा म्हणजे ऑइल. ऑइलच्या वाटा तीन-चार. रिंगा आणि लायनर झिजले की जळालेला वायू खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतो आणि ब्रीदरमधून ऑइलचा फवारा घेऊन हवेच्या वाटेला लागतो. फीड पंपाचा पडदा फुटला तर डिझेल चेंबरमध्ये झिरपतं. डिपस्टिकवरची पातळी न भरता वाढलेली दिसते आणि ऑइलला डिझेलचा वास येतो. आणि सगळ्यात साधं कारण, जे सगळ्यांत शेवटी पाहिलं जातं: ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी. खुणेच्या वर ऑइल भरलं, तर धूळ अडवणारं तेच ऑइल इंजिन ओढून घेतं. चांगल्या हेतूने ‘जरा जास्तच’ टाकलेलं पाव लिटर इथे घात करतं. हवेची नळी काढून आत बोट फिरवावं. बोट ओलं निघालं तर शोध पंपाकडे न्यायचं कारण नाही.

पंप आणि ऑइल यांनंतरचा तिसरा प्रकार म्हणजे हवेबरोबर बाहेरून ओढलं गेलेलं इंधन; तो शेतात दुर्मिळ, पण उद्योगात भयंकर. 23 मार्च 2005 ला अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात ज्वलनशील वाफा पसरल्या, जवळ चालू असलेल्या एका डिझेल पिकअपच्या इंजिनाने त्या ओढल्या आणि त्याने रेस घेतली. स्फोटाला ठिणगी बहुधा तिथूनच मिळाली, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष आहे. 15 माणसं गेली, 180 जखमी झाली.

इंधन कुठलंही असो, ते जळायला हवा लागते. डेट्रॉइट डिझेलने आपल्या 71 मालिकेच्या इंजिनांवर हवा तोडणारी आणीबाणीची झडपच बसवली होती. ट्रॅक्टरवर ती नसते, म्हणून हवेच्या तोंडावर जाड सपाट फळी दाबायची. हात कधीच नाही, फडकंही नाही. इंजिन ते आत खेचतं. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांडं असेल तर त्याचा झोत हवेच्या वाटेत सोडावा. चालत्या ट्रॅक्टरवर वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच एकदम सोडणं हाही उपाय आहे, मात्र समोर माणूस नसेल तरच. नोझलच्या नळ्या सैल करायला जाऊ नये, कारण तिथला दाब डिझेल कातडीच्या आत घुसवू शकतो. फ्लायव्हीलच्या रेषेत उभं राहू नये. वेग आवाक्याबाहेर गेला असेल तर लांब जावं; ब्लॉक बदलता येतो.

थांबल्यावर लगेच सेल्फ मारायचा मोह आवरायला हवा. आधी टॅपेट कव्हर काढून वाकलेले पुशरॉड आणि अडकलेले व्हॉल्व्ह पाहायचे, चेंबर उतरवून रॉडचे बोल्ट आणि बेअरिंग तपासायचे, ऑइल बदलायचं. पडदा फाटला असेल तर नवा मिळतो. ब्रिटनमध्ये जुन्या ट्रॅक्टरांसाठी तो आजही बनवून विकला जातो. मग एअर क्लीनरची नळी काढलेली ठेवून, एका माणसाने फळी हातात धरून हवेच्या तोंडाशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. ॲक्सिलरेटर हळूहळू उघडून मिटल्यावर रेस दर वेळी खाली बसली, तरच नळी परत जोडायची.