गोठ्याच्या माळ्यावरचे राखणदार

सुगीचे दिवस होते. आमच्या खानापूर भागात नोव्हेंबरात भाताची मळणी चालते. एका रात्री जनावरांना वैरण टाकायला गोठ्यात गेलो, तर माळ्यावरून फुसफुस ऐकू आली. नाग शिरला असे समजून एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी घेऊन मी शिडी चढलो.

नाग नव्हता. कोपऱ्यात पांढऱ्या पिसांची पाच पिल्ले एकमेकांना बिलगून बसली होती आणि डुलत डुलत माझ्यावर फुसकारत होती. एवढ्यात आढ्याजवळच्या फटीतून एक मोठा पक्षी आवाज न करता आत आला. विड्याच्या पानासारखा पांढरा चेहरा, काळे डोळे आणि चोचीत उंदीर! ते गव्हाणी घुबड होते. मी गुपचूप खाली उतरलो.

सकाळी ही बातमी आळीभर झाली. आमची आई तेव्हा अंथरुणावर होती. दोन वर्षांपासून तिला हृदयविकार होता, फादर घरी येऊन तिला कम्युनियन देत. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "घरात आजारी माणूस आणि गोठ्यात घुबड! आजच्या आज हाकलून दे बाबा." माझेही मन डळमळले. आईच म्हणाली, "अरे, पिल्लांची आई आहे ती. तिला कशाला हाकलतोस? कणगीतले उंदीर तू मारतोस का ती मारते?"

आईचे बोलणे खरे निघाले. घुबड भक्ष्य बहुधा सबंध गिळते आणि न पचलेले केस व हाडे गोळ्या करून ओकते. माळ्याखाली पडलेली अशी एक गोळी मी पाण्यात भिजवून फोडली. तीत उंदरांच्या तीन कवट्या निघाल्या! घुबडाची मादी काटक्यांचे घरटे बांधत नाही. अशाच चुरलेल्या गोळ्यांवर ती दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडे घालते व पहिल्यापासूनच उबवू लागते. म्हणून पिल्ले लहानमोठी दिसतात. अंडी उबायला महिनाभर लागतो आणि पिल्ले साधारण दोन महिन्यांची होईपर्यंत उडत नाहीत. तोवर आईबाप रात्रभर उंदीर आणत राहतात. खाचरातली घूस भाताचे दांडे कुरतडते, लोंब्या बिळात साठवते. हे नुकसान ज्याने सोसले आहे त्याला या पाहुण्यांची किंमत सांगायला नको.

शेतकरी बांधवांनो, तुमच्या माळ्यावर, विहिरीच्या कपारीत किंवा झाडाच्या ढोलीत असे घरटे आढळले, तर एवढे करा :

1. पिल्ले उडेपर्यंत तिकडे वारंवार जाऊ नका, बॅटरी मारू नका. खाली पडलेले पिल्लू अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत.

2. उंदरांचे विष टाळा. ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो. तोवर तो सुस्त होऊन घुबडाच्या तावडीत सापडतो आणि ते विष घुबडाच्या अंगात जाते. त्यापेक्षा सापळे लावा, बांध अरुंद व तणविरहित ठेवा, खाचरात टी-आकाराचे पक्षीथांबे रोवा.

3. घरट्याखालची घाण कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून, नाकाला फडके बांधून काढा. नंतर हात साबणाने धुवा.

4. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्याचिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असता चिखलात उतरू नका. ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जा आणि शेतात काम करता हे त्यांना सांगा.

5. घुबड पकडणे, मारणे किंवा विकणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कुणी जादूटोण्यासाठी मागायला आला तर त्याला परत पाठवा.

नाताळानंतर आमची पाचही पिल्ले उडून गेली. आई पुढच्या उपवासकाळात, शांतपणे प्रभूकडे गेली. तेव्हा माळा रिकामाच होता. तरीही अंत्यविधीच्या दिवशी कुणीतरी म्हणालेच, "घुबड बसले होते ना!" आईचे दुखणे घुबडांच्या दोन वर्षे आधीचे होते, पण भीतीला हिशेब कळत नाही. त्या बोलण्याचे मला फार वाईट वाटले. ज्या पाखरांना तिने आसरा दिला, त्यांच्याच माथी तिचे मरण मारले गेले.

जुन्या करारात घुबडाचे नाव निषिद्ध पक्ष्यांत येते, पण ते खाण्यासाठी निषिद्ध आहे, अपशकुनी म्हणून नव्हे. उलट अनुवादाच्या 22 व्या अध्यायात आज्ञा आहे, की घरट्यात पिल्लांवर बसलेली पाखराची आई सापडली तर तिला धरू नये. आमच्या आईला अध्याय ठाऊक नव्हता, आज्ञा ठाऊक होती. शिवाय या पक्ष्याच्या नावातच गव्हाण आहे. बाळ येशूला जिथे जागा मिळाली, त्या जागेचे नाव लावणाऱ्या पाखराला ख्रिस्ती माणसाने आपल्या गोठ्यातून का हाकलावे?

आढ्याजवळची ती फट मी अजून बुजवलेली नाही.