मल्हारीचा घोडा आणि भीमथडीचे तट्टू

दोन वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात बखर वाङ्मय शिकवीत होतो. इंदूरच्या मराठी वर्गातली मुले म्हणजे घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत बहुधा इंग्रजी, अशी तीन भाषांत वाढलेली. घोडदळाचा विषय निघाला तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग आपला चेतक कोणता?"

प्रश्न रास्त होता. हळदीघाटीची लढाई १५७६ ची. पण श्यामनारायण पांडेय यांच्या काव्यामुळे राणा प्रतापांचा चेतक आमच्याकडच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. तिकडे सिकंदराचा ब्युसेफॅलस इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये झेलमच्या काठी मेला, तर त्याच्या नावाने एक शहरच वसवले गेले. ज्या मराठ्यांचे अवघे राजकारण घोड्याच्या पाठीवरून चालले, त्यांच्या एकाही घोड्याचे नाव मला खात्रीने सांगता येईना. शिवाजी महाराजांच्या घोड्यांच्या नावांच्या याद्या हल्ली मोबाइलवर फिरत असतात, पण त्यांच्या भरवशावर वर्गात उभे राहून बोलावे असे मला वाटत नाही. "पुढच्या तासाला सांगतो," असे म्हणून मी सुटका करून घेतली. शिक्षकांची ही जुनीच पळवाट.

उत्तर घरातच होते. आमच्या देवघरात खंडोबाचा चांदीचा टाक आहे, जेमतेम तीन बोटे उंचीचा. पिढ्यान्‌पिढ्या चिंच लावून घासल्याने देवाचे नाक-डोळे पुसट झाले आहेत, म्हाळसा तर नुसती आकृतीच उरली आहे. घोडा मात्र अजून स्पष्ट दिसतो. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत असा टाक असेल. चंपाषष्ठीला आपण तळी भरतो, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतो, येळकोट करतो. पण देवाच्या मांडीखालचा घोडा आला कुठून, हे सहसा कोणी विचारीत नाही.

'मल्हारी माहात्म्या'तली कथा अशी. मणी आणि मल्ल हे दोन दैत्यबंधू. त्यांनी ऋषींना छळले, तेव्हा शंकराने मार्तंडभैरवाचे रूप घेऊन त्यांच्याशी युद्ध मांडले. मणी पडला. मरताना त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने आपला पांढरा घोडा देवाला अर्पण केला. तुझ्या प्रत्येक ठाण्यात मलाही जागा असावी, एवढे मागणे मागितले. म्हणजे खंडोबाचा घोडा इंद्राच्या उच्चैःश्रव्यासारखा समुद्रमंथनातून निघालेला नाही. तो शत्रूचा घोडा आहे, आणि जिंकलेल्या शत्रूने तो आपण होऊन दिलेला आहे. मार्तंड म्हणजे सूर्य, आणि सूर्य व घोडा यांची जोडी वेदांइतकी जुनी. पण लढाईत शत्रूचे घोडे पाडाव करून आणणाऱ्या शिपायांना यातला कोणता भाग आपला वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय या घोड्यालाही नाव नाही. तो नुसता देवाचा घोडा.

आता इंदूरकडे वळू. मल्हारराव होळकरांचे नाव मल्हारीवरूनच, म्हणजे मल्लाच्या वैऱ्यावरूनच आलेले. त्यांच्या शिक्क्यात ते स्वतःला म्हाळसाकांताच्या चरणी तत्पर म्हणवतात. राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचे देऊळ आहे, आणि जेजुरीला होळकर तलावाच्या काठी मल्हार-गौतमेश्वर आहे. मल्हाररावांचा जन्म १६९३ चा, धनगर कुटुंबातला. वडील लवकर गेले, म्हणून ते खानदेशात तळोद्याला मामा भोजराज बारगळ यांच्याकडे वाढले. मामांचे घोडेस्वारांचे पथक कदमबांडे सरदारांच्या चाकरीत होते. मल्हारराव घोड्यावर बसले ते या पथकात. होळकर हे आडनाव ज्या होळ गावावरून पडले, ते नीरेच्या काठी. नीरा पुढे भीमेला मिळते. थडी म्हणजे काठ, जशी गोदेची गंगथडी. या भीमाकाठच्या मुलखाला नाव भीमथडी आणि तिथल्या घोड्याला नाव भीमथडीचे तट्टू.

इथे माझी एक चूक कबूल करायला हवी. अनेक वर्षे मी 'तट्टू' हा शब्द हीनतादर्शक म्हणून शिकवीत आलो. 'भाडोत्री तट्टू' हा वाक्प्रचार डोक्यात पक्का बसलेला, त्यामुळे भीमथडीचे तट्टू म्हटले की त्यात थोडी थट्टा आहे असे मी मुलांना सांगे. ते चूक होते. अरबी, इराणी, तुर्की घोडे समुद्रमार्गे दख्खनला येत, इथल्या डोंगरी तट्टांशी त्यांचा संकर होई, आणि त्यातून मध्यम उंचीचा, कणखर, बहुधा गडद रंगाचा हा घोडा तयार झाला. उंच अरबी घोड्याला मोजून चंदी लागते, राखण लागते. हे जनावर वाटेतल्या गवतावर भागवते, खडकाळ घाट चढते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच मजल मारते. तोफखाना आणि बाजारबुणगे मागे टाकून, शत्रूला वाटेल त्याच्या आधी येऊन उभे राहायचे, ही मराठ्यांची युद्धरीत. ती अशा जनावराशिवाय शक्य नव्हती. ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो, त्यातला निम्मा तरी या तट्टाच्या पोटाचा आणि खुरांचा गुण आहे, असे माझे मत झाले आहे.

राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यगीताचा मान मिळाला, त्यात या तट्टांना यमुनेचे पाणी पाजण्याचा उल्लेख आहे. गाणे सगळ्यांना पाठ असते, इतिहास तितका नसतो. मार्च १७३७ मध्ये मल्हाररावांची फौज खरोखरच यमुना ओलांडून दुआबात उतरली, पण तिथे जलेसरजवळ सादतखानाने तिचा पराभव केला. मराठे संपले, असे समजून मोगल सरदार निर्धास्त झाले, आणि बाजीराव लांबलांब मजला मारीत थेट दिल्लीच्या वेशीशी जाऊन उभे राहिले. त्या मोहिमेत पराभव भरून निघाला तो वेगाने.

मग मराठीत चेतक का नाही? मला वाटते, आपल्या भाषेने घोड्याचे नाव जपण्याऐवजी घोडा कोणाचा, ही गोष्ट जपली. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचे तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. सभासदाच्या बखरीत पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा यांचीही त्यात गणती आहे, याचे मला विशेष वाटते. हे शब्द पुढे दूरवर गेले. रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्यांनंतर बारगिराचा 'बर्गी' होऊन तो बंगालच्या अंगाईगीतात भीती घालायला जाऊन बसला. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची हुजुरपागा जिथे होती, तिथे १८८४ मध्ये मुलींची शाळा निघाली. पुण्यात आजही ती त्याच नावाने ओळखली जाते. आणि हजेरीपटावर शिलेदार, पागे, पागनीस ही आडनावे तर आम्ही रोजच पुकारतो.

पुढच्या तासाला मी हे सगळे सांगितले आणि मग फळ्यावर वाक्प्रचार लिहिले. घोडे अडणे, घोडे दामटणे, घोडे गंगेत न्हाणे, घोडे पेंड खाणे, वरातीमागून घोडे, घोडामैदान जवळ असणे. मुलांना अर्थ साधारण येत होते. 'खोगीरभरती'पाशी मात्र वर्ग थांबला. निबंधात खोगीरभरती नको, असे मी त्यांना वर्षभर बजावीत होतो, पण खोगीर म्हणजे काय हे एकालाही ठाऊक नव्हते. घोड्याच्या पाठीवर घालायच्या जाड गादीत चिंध्या, लोकर, जे हाती लागेल ते कोंबतात, ती खोगीरभरती, असे सांगितल्यावर सगळे हसले. 'तोबरा'ही असाच. पानाचा तोबरा माहीत होता, पण दाण्याची पिशवी घोड्याच्या तोंडाला बांधतात तो तोबरा कोणी पाहिला नव्हता. एक मुलगा म्हणाला, "घोडा तो बस शादी में दिखता है, सर." खरेच आहे. आणि तिथेही आमच्याकडे नवरदेव घोड्यावर बसत नाही, 'घोडी चढतो'.

भीमथडीचा घोडा मात्र अजून संपलेला नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच त्याची स्वतंत्र भारतीय जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी यांच्या पंक्तीला तो आता अधिकृतपणे बसला. तो टिकला तो संस्थानिकांच्या तबेल्यांत नव्हे. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतल्या धनगरांनी तो जपला. चारणीसाठी मेंढरे घेऊन निघालेल्या वाड्यांबरोबर हे घोडे चालतात. पाठीवर भांडीकुंडी, पटकुरे, कोंबड्यांची खुराडी आणि कधी एखादे कोकरू.

असा एक तांडा मी गेल्या हिवाळ्यात बारामतीच्या रस्त्यावर पाहिला. बस थांबली होती, म्हणून उतरून जवळ गेलो. सर्वांत पुढच्या गडद रंगाच्या घोडीवर खाटेच्या चौकटीत बांधलेले मूल गाढ झोपले होते. लगाम धरून चाललेल्या बाईंना विचारले, "ताई, हिचं नाव काय?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "नाव कशाला? आमची घोडी हाय," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.