एका वेळी एकच नट

संगणक चौथ्यांदा बंद पडतो. पडद्यावर चार रंगांचे ठिपके गोळा होऊन विंडोजची खूण जमते न जमते, तोच निळा पडदा लखकन चमकतो. त्यावरचं पहिलं अक्षर वाचायच्या आत सगळं काळं. पंखा पुन्हा घरघरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"सकाळपासून असंच चाललंय बघ," मावशी म्हणते. तिच्या हातात पदराचं टोक आहे. ते ती बोटाला गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते.

बाहेर जुलैचा पाऊस. इचलकरंजीतल्या या घराच्या मागच्या बोळात मागांची शेड आहे, तिथली खटखट भिंतीतून येत राहते. काकांनी जॉबर म्हणून उभा जन्म याच आवाजात काढला. बिघडलेला माग दुरुस्त करून पुन्हा चालता करायचा, हे त्यांचं काम. धोट्याचे ते साधे माग आता भंगारात निघालेत, त्यांच्या जागी बिनधोट्याचे येतायत. मागाबरोबर त्याचे शब्दही जातील, म्हणून निवृत्त झाल्यापासून मावशी काकांना विचारून विचारून एकेक शब्द टाइप करतेय. पहिल्या पानावर १९०४ साल आहे: विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग सुरू केला ते वर्ष. त्यापुढे साडेसहाशे शब्द, प्रत्येकाचा अर्थ आणि काकांनी सांगितलेली एखादी आठवण. सगळं या एका पेटीत. दुसरी प्रत नाही.

मी पाचव्यांदा बटणाकडे हात नेते.

"थांब जरा," काका खुर्चीतून म्हणतात. "चारी वेळा एकाच जागी पडला का?"

मी हात मागे घेते. हे मी बघितलंच नाही. आठवून सांगते: पहिल्यांदा खुणेपाशी, दुसऱ्यांदा पासवर्ड टाकल्यावर, मग खुणेच्याही आधी, आणि आत्ता परत खुणेपाशी.

"म्हणजे जागा बदलतीय," काका म्हणतात.

ही गोष्ट फार मोलाची आहे. दर वेळी एकाच पायरीवर अडखळत असता, तर त्या पायरीला लागणारी एखादी फाइल, नाहीतर डिस्कचा तेवढाच भाग संशयात आला असता. जागा बदलते तेव्हा संशय आधी यंत्राच्या अंगावर जातो: उष्णता, वीज किंवा मेमरी.

निळा पडदा वाचता यायला हवा. मी चालू करून एफ८ दाबत राहते. काळ्या पडद्यावर यादी उमटते. तिच्यातला, बंद पडल्यावर आपोआप रीस्टार्ट होऊ नये, हा पर्याय निवडते. या वेळी निळा पडदा येतो आणि थांबतो. 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया.' काका वहीत मराठीत लिहून घेतात. आणखी एकदा. आता शब्द वेगळे: 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल.' जागा वेगळी, तक्रारही वेगळी. मेमरीत ठेवलेलं परत मागताना भलतंच हाती येत असेल, तर असंच होतं.

आता मी प्लगच काढते. मेमरी खराब असेल तर प्रत्येक वेळी चालू करणं धोक्याचं आहे. बिघडलेला मजकूर तिथून डिस्कवरही लिहिला जाऊ शकतो. मशीन नंतर, आधी मावशीचे शब्द.

बटण काही सेकंद दाबून धरते, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. मग पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावते. अंगावरची स्थिर वीज तिथे जाऊ दे, चिपमध्ये नको. दोन स्क्रू काढून झाकण बाजूला सरकवते.

आत कापूस आहे. खरोखरचा कापूस. मागांच्या शेडमधून उडणारी बारीक लव दहा-बारा वर्षं खिडकीतून येत राहिली, पंख्याने ती आत ओढली आणि प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये तिची राखाडी गादी तयार झाली. चिमटीत धरून ओढली तर अख्खी पट्टीच निघते, पात्यांचे वळ उमटलेली. काका ती तळहातावर घेतात, अंगठ्याने चोळतात.

"सूतच आहे हे," ते हळूच म्हणतात.

ते पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवतात, गरगरा फिरू देत नाहीत, आणि मी रंगाच्या कोरड्या ब्रशने फटी मोकळ्या करते. मग डिस्कची वायर सोडवून ती बाहेर काढते, यूएसबी कन्व्हर्टरला लावून माझ्या लॅपटॉपला जोडते. साडेतीन इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही, तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. तो लावल्यावर डिस्क फिरू लागते. आम्ही तिघंही कान देतो. टकटक नाही, खरखर नाही, एकसारखी बारीक गुणगुण.

फोल्डर दिसतो. फाइल उघडते आणि मावशीचा चेहरा उतरतो. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. मराठीचा पत्ता नाही.

"गेलं गं सगळं?"

"नाही मावशी, सगळं आहे." तिने हे युनिकोडच्या आधीच्या धाटणीच्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात; फॉन्ट नसला की मागची इंग्रजी अक्षरं तेवढी दिसतात. तिच्या डिस्कवरच्या फॉन्टच्या फोल्डरमधून ती फाइल शोधते, माझ्याकडे बसवते, पान परत उघडते. पहिली नोंद समोर येते: कांडी.

मावशी चष्मा काढून डोळे पुसते. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, दोन्हींच्या शेजारी फॉन्ट. आता हाताला धीर आला.

डिस्क बाहेरच ठेवून मशीन चालू करते. काकांनी त्यांचा मीटर आणलाय. पिवळ्या आणि काळ्या तारेत टोकं धरतात: १२.१. या तारेवर ११.४ ते १२.६ चालतं. वीज संशयातून सुटली. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावते. हा छोटा प्रोग्राम मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक आकडे लिहितो आणि तेच परत मिळतात का, ते वाचून बघतो. दहाव्या मिनिटाला पडद्यावर पहिली लाल ओळ येते, मग ओळीमागून ओळ.

मला घाई होते. मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, दोन्ही पट्ट्या काढायच्या, पुसायच्या, खाचा बदलायच्या, बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही नवा टाकायचा, सगळं एकदमच. हात पुढे जातो तोच काका म्हणतात, "एका वेळी एकच नट."

मी बघत राहते.

"मागावर धागा सारखा तुटायला लागला, की नवशिका चारी नट फिरवतो. माग चालतोही. पण कशानं चालला, ते त्याला कळत नाही. उद्या परत तुटला की परत चारी. एक फिरव, चालवून बघ, लिहून ठेव. मग दुसरा."

म्हणून एक एक. आधी नुसतं पुसणं. दोन्ही पट्ट्यांच्या सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर एकाच दिशेने फिरवते. डीडीआर३ पट्टीला असे २४० दात, दोन्ही बाजूंना १२० प्रमाणे. रबरावर काळी रेघ उमटते. कण ब्रशने झाडते, पट्ट्या आपापल्या खाचेत दाबते, दोन्हीकडच्या कळा टक्कन बसतात. चाचणी. लाल ओळी कायम. वहीत नोंद: मळ नव्हे.

आता एकच पट्टी, पहिल्या खाचेत. पाऊण तास. मावशी चहा आणते, कोणी फार बोलत नाही. फेरी पुरी होते, लाल काहीच नाही. मशीन बंद करून ती काढते आणि त्याच खाचेत दुसरी बसवते. सहाव्या मिनिटाला लाल.

खाच तीच, वीज तीच. बदलली ती फक्त पट्टी. काका वहीतल्या शेवटच्या ओळीखाली रेघ मारतात.

चांगली पट्टी लावून डिस्क जोडते. खूण जमते आणि जमलेलीच राहते. पासवर्ड. मग मावशीचा डेस्कटॉप, नातवाच्या फोटोसकट. निम्म्या मेमरीवर फाइल उघडायला वेळ लागतो, पण उघडते. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेची दुरुस्ती मिळणं थांबलं, म्हणून नेटची वायर मी काढूनच ठेवते; टाइप करायला ती लागत नाही. मावशीकडून कबूल करून घेते, दर रविवारी पेन ड्राइव्हवर प्रत. तिने लिहिलेलं सगळं युनिकोडमध्ये आणायचं काम मी माझ्याकडे घेते. पुढच्या कोणाला ते वाचता यायला हवं.

खराब पट्टी टेबलावर पडली आहे. दिसायला चांगल्या पट्टीसारखीच. काका कपाटातून लाल सुताचं रीळ काढतात, वीतभर तोडतात आणि पट्टीला दोन वेढे देऊन गाठ मारतात.

"खराब भाग चांगल्यात मिसळू द्यायचा नसतो. मागाच्या पेटीत आम्ही असंच करायचो."

मावशी वळून बघते. "याला काही शब्द होता का हो तुमच्यात?"

काका आठवू लागतात. तिची बोटं कीबोर्डवर थांबली आहेत. भिंतीपलीकडे माग चालू आहेत.