विद्येचा खर्च कोणीं सोसला? पदवीशुल्काचे कागद व त्यांचें वाचन

सनदा, महजर, निवाडपत्रें व वंशावळी ह्यांचा संग्रह करणारे आमचे बंधू एका जातीच्या कागदांकडे सहसा पाहत नाहींत. महाविद्यालयाच्या शुल्काच्या पावत्या, नादारीचे अर्ज, वसतिगृहाचीं बिलें, शिष्यवृत्तीचे करारनामे आणि बँकेचीं कर्जमंजुरीचीं पत्रें हे ते कागद होत. ते अलीकडचे व क्षुद्र वाटतात, म्हणून रद्दींत जातात. परंतु एखाद्या घराण्यांत पहिली पदवी कोणाच्या पैशानें आली, हें सांगणारा दुसरा लेखी पुरावा बहुधा नसतो. हे कागद कसे वाचावे, हें थोडक्यांत सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. वाचतांना एकच प्रश्न हाताशीं ठेवावा: पैसे देणाऱ्यानें मोबदल्यांत काय मागितलें?

प्रथम दक्षिणेचा प्रकार घेऊं. तळेगांवच्या दाभाड्यांनीं पाडलेला श्रावणमासांतील दक्षिणेचा प्रघात पुढें पेशव्यांनीं पुण्यास चालविला. मूळ हेतु विद्वानांच्या सन्मानाचा. देणाऱ्याचा मोबदला पुण्याचा. उत्तरकाळीं मात्र विद्वान् व अविद्वान् असा भेद न राहतां ब्राह्मणमात्रांत वांटणी होऊं लागली. राज्य गेल्यावर इंग्रजांनीं हा खर्च एकदम बंद केला नाहीं. त्यांतीलच कांहीं रक्कम लावून १८२१ च्या ऑक्टोबरांत विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ सालीं लोकहितवादी प्रभृति मंडळींनीं ह्या निधीचा कांहीं भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा असा अर्ज केला, आणि १८५१ त दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. पुढें ह्याच निधीच्या नांवानें महाविद्यालयांत फेलो नेमले जाऊं लागले. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. निधि तोच, पण मागणी बदलली. जन्माच्या जागीं परीक्षा आली. म्हणून १८५१ नंतरच्या कागदांत ‘दक्षिणा’ हा शब्द आढळल्यास तो धर्मदायच असेल, असें गृहीत धरूं नये.

दुसरा प्रकार वृत्तीचा. तींत दोन पोटभेद आहेत. मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतांत श्रेष्ठ ठरणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति ही निव्वळ गुणांची; १९१२ सालीं ती चिंतामणराव देशमुखांस मिळाली. संस्थानी वृत्ति पुष्कळदां कराराची असे. बडोदें सरकारनें १९१३ त डॉ. आंबेडकरांस अमेरिकेंतील अध्ययनासाठीं दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षें देऊं केले. मोबदला म्हणून परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी. १९१७ त ते बडोद्यास रुजू झाले, परंतु अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना, व नोकरी सोडून मुंबईस परतावें लागलें. करारनाम्यांत पौंडांचा व वर्षांचा हिशेब असतो. तो कां पुरा झाला नाहीं, हें त्या कागदांत सांपडत नाहीं. १९२० त ते पुन्हा लंडनास गेले ते स्वतःच्या बचतीवर, शाहू छत्रपतींच्या साहाय्यावर व नवल भथेना ह्या मित्रानें दिलेल्या पांच हजार रुपयांच्या कर्जावर. म्हणजे एकाच विद्यार्थ्याच्या अध्ययनामागें वृत्ति, बचत, राजाश्रय व मित्रऋण असे चार झरे दिसतात. एक कागद हातीं आला म्हणजे सर्व खर्च उलगडला, असें म्हणतां येत नाहीं.

तिसरा प्रकार आमच्या करवीरचा. राजाराम कॉलेज १८८० पासून कोल्हापुरांत होतें. तथापि पन्हाळा तालुक्यांतील आमच्या कोडोलीसारख्या गांवच्या मुलास शुल्काइतकीच, किंबहुना अधिक, विवंचना शहरांत राहावें व जेवावें कोठें ह्याची असे. शाहू छत्रपतींनीं नेमकें हेंच ओळखलें. १९०१ त व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग, १९०६ त मुस्लिम बोर्डिंग, १९०७ त लिंगायत बोर्डिंग, १९०८ त मिस क्लार्क बोर्डिंग अशीं वसतिगृहें त्यांच्या आश्रयानें उभीं राहिलीं. ह्यास्तव त्या काळच्या कागदांत शुल्काच्या पावतीपेक्षां बोर्डिंगच्या पावतीस अधिक मोल द्यावें. कुंभोज येथें १८८७ त जन्मलेले भाऊराव पाटील ह्यांनीं ह्यांत आणखी एक मोबदला घातला, तो श्रमाचा. १९१९ त स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेंत, व १९४७ त साताऱ्यास निघालेल्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत, ‘कमवा आणि शिका’ ह्या रीतीनें विद्यार्थ्याच्या अंगमेहनतीचें मोल त्याच्या शिक्षणाच्या खर्चांत जमा होऊं लागलें. येथें हजेरीपत्रक हेंच हिशेबाचें पत्रक होय.

चौथा प्रकार सरकारी सवलतीचा. १९६० च्या सुमारास, यशवंतराव चव्हाणांच्या कारकीर्दींत, वार्षिक उत्पन्न बाराशें रुपयांच्या आंत असलेल्या पालकांच्या पाल्यांस शुल्क माफ झालें; हीच ई. बी. सी. सवलत. तेव्हांपासून तलाठी व तहसीलदार ह्यांचा उत्पन्नाचा दाखला हा विद्येच्या इतिहासाचा कागद बनला. १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयें निघूं लागलीं आणि शुल्काचा आंकडा पार बदलला. २०२४ त महाराष्ट्र सरकारनें आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिक व सामाजिक दृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें.

पांचवा प्रकार कर्जाचा. रघुवंशांतील कौत्साची कथा वाचकांस ठाऊक आहेच: अध्ययन आधीं संपलें, चौदा कोटींचें देणें मागाहून उभें राहिलें. बँकेच्या शैक्षणिक कर्जाची घडण तशीच आहे. ह्या कर्जाची आदर्श योजना २००१ पासून देशांत रूढ झाली. पालक सहकर्जदार असतो. हप्ते सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षानें सुरू होतात. परंतु व्याज पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून चढत जातें. उदाहरणार्थ, चार वर्षांत प्रत्येक वर्षाच्या आरंभीं एक लाख ह्याप्रमाणें चार लाख उचलले व सरळव्याजाचा दर शेंकडा दहा धरला, तर चार वर्षांचें व्याज एक लाख आणि पुढील वर्षाचें चाळीस हजार होतें. पहिला हप्ता भरावयाच्या वेळीं देणें पांच लाख चाळीस हजार असतें. मंजुरीपत्रांतला आंकडा हा पदवीचा खर्च नव्हे. त्यासोबत व्याजाचा उतारा मिळविलाच पाहिजे. २०२४ च्या नोव्हेंबरांत मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेंत निवडक संस्थांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरच्या विद्यार्थ्यांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजांत शेंकडा तीन सूट आहे. तीहि हप्ते सुरू होईपर्यंतच्या मुदतीपुरती. कौत्सासाठीं रघूच्या कोशांत सुवर्णवृष्टि झाली. येथें तशी सोय नाहीं.

आतां आमच्या वारणेकांठाकडे वळूं. कोडोलीच्या शेजारीं वारणानगर वसलें, साखर कारखाना व महाविद्यालयें आलीं, आणि अनेक मुलामुलींस घरीं राहून पदवी घेतां येऊं लागली. बोर्डिंगची पावती नाहींशी झाली. तिच्या जागीं ऊसबिल, पतसंस्थेचें कर्जखातें व सोनेतारणाची पावती आली. ह्या पावत्या शिक्षणाच्या म्हणून कोणी जपत नाहीं. तथापि सोनें ठेवल्याची तारीख प्रवेशाच्या तारखेशीं ताडून पाहिली, तर पुष्कळदां पदवीचें खरें मूळ हातीं लागतें. त्या घरच्या माउलीचें नांव ह्या व्यवहारांत इतरत्र कोठेंही आढळत नाहीं. धाकट्यास शिकतां यावें म्हणून शाळा सोडून औत धरणाऱ्या वडील भावाचा तर एवढाही कागद नसतो. शाळेच्या दाखल्यावर ‘शाळा सोडल्याचें कारण’ ह्या रकान्यांत एखादा शब्द असला तर असतो.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, असा दप्तरगठ्ठा हातीं येतांच शुल्काच्या पावत्या वेगळ्या काढून उरलेले कागद टाकूं नयेत. गठ्ठा आहे तसा ठेवावा. घरांतील वृद्धांस विचारून खर्चाची हकीकत निराळ्या कागदावर, सांगणाऱ्याच्या नांवानिशीं व तारखेनिशीं, लिहून घ्यावी. हयात माणसांचें कर्ज त्यांच्या संमतीवांचून प्रसिद्ध करूं नये. हल्लीं शिष्यवृत्ति थेट खात्यांत जमा होते व पावती दूरध्वनियंत्रांतच राहते. यंत्र बदललें कीं ती जाते. तिची छापील प्रत आजच काढून ठेवावी. आणि सोनेतारणाची पावती सांपडली तर दागिना कोणाचा होता व तो सुटून परत आला कीं नाहीं, हे दोन प्रश्न, सांगणारें माणूस आहे तोंवर, विचारून घ्यावे.